गर्भवतीचे रक्त काय सांगते?



आजचा विषय आम्ही कळविला तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ घरी येऊन गेले. जरा घुटमळत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, विषय उत्तमच आहे, पण सभेला बायकापुरुष एकत्र बसलेले असतात." आम्ही त्यांस म्हटले, "तसे बसलेले असतात म्हणूनच हा विषय घेतला. एकट्या बायकांना सांगून जे साधत नाही ते आज सांगावयाचे आहे." ते का साधत नाही, ते पुढे ओघाने येईलच.

आमचा व्यवसाय रक्त तपासण्याचा. गर्भवती स्त्रीचे रक्त तपासावयाचे म्हणजे हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर आणि गुप्तरोगाची एक चाचणी, एवढ्यावर पूर्वी काम भागत असे. आता दिवस गेल्याचे कळल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तिच्या हाती एक छापील चिठ्ठी पडते. तीवर डबल मार्कर, क्वाड्रुपल मार्कर, एन.आय.पी.टी., एच.पी.एल.सी. अशी नावे असतात. नवरा पैसे भरतो, ती हात पुढे करते, आणि आठ दिवसांनी एक कागद येतो. त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्या दोघांपैकी एकालाही कळत नाही, आणि खरे सांगावयाचे तर ते समजावून देण्यास लागणारी पंधरा मिनिटे आमच्या व्यवसायात फार थोड्यांपाशी उरली आहेत. ती पंधरा मिनिटे आज आपण येथे एकदमच काढू.

पहिली गोष्ट घरातल्या स्त्रियांना मुद्दाम समजावून देण्याची गरज नाही. तांदूळ घरी आणला म्हणजे त्या तेच करतात. आधी चाळावयाचा आणि मग ताटात पसरून निवडावयाचा. चाळणे हे एक काम आणि निवडणे हे दुसरे. चाळणीत जे वर राहिले ते सगळे खडेच असतात असे नाही. त्यांत मोठे दाणेही असतात, म्हणून ते ताटात घेऊन डोळ्यांनी पाहावे लागते. आईच्या रक्ताच्या ज्या नव्या तपासण्या आहेत त्यांतील बहुतेक चाळणीच्या जातीच्या आहेत. निवडण्याचे काम, म्हणजे पक्के निदान, हे वारेचा कण किंवा गर्भजल घेऊन करावे लागते. आमच्या पाहण्यात जितकी रडारड या विषयात झाली, तीतील बरीचशी चाळणीच्या कागदाला निवाड्याचा कागद समजल्यामुळे झाली.

उदाहरण देतो. डबल मार्करच्या कागदावर एका मुलीला १:१८० असा आकडा आला आणि त्यापुढे 'अधिक धोका' असे तांबड्या शाईत छापलेले. तिच्या घरी तीन दिवस चूल धड पेटली नाही. सासूबाई आमच्याकडे आल्या त्या जवळजवळ सुतकातच. आम्ही विचारले, "मावशी, तुमच्या गल्लीत एकशे ऐंशी पोरे एका रांगेत उभी केली आणि त्यांतल्या एकाला हा दोष आहे म्हटले, तर उरलेली किती?" त्यांनी हिशेब केला आणि म्हणाल्या, "एकशे एकोणऐंशी चांगली. मग हे तांबडे कशाला छापले?" प्रश्न अगदी रास्त होता. तांबडे छापले ते एवढ्यासाठी की, अशा स्त्रीची पुढची तपासणी करावी, हे डॉक्टरच्या नजरेतून सुटू नये. यापलीकडे त्या शाईला अर्थ नाही.

आता हा दोष कोणता? माणसाच्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रे असतात. ही साधी मोजदादसुद्धा १९५६ पर्यंत बिनचूक झालेली नव्हती. तोवर शास्त्रज्ञ अठ्ठेचाळीस धरून चालले होते. पुढे तीनच वर्षांनी, १९५९ साली, पॅरिसच्या लजन, गोतिए आणि त्युर्पँ या तिघांनी दाखवून दिले की, डाऊन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८६६ साली वर्णन केलेल्या मुलांत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनाच्या ऐवजी तीन असतात. हे जादा गुणसूत्र आईच्या पापाने येत नाही, ग्रहणात भाजी चिरल्याने येत नाही आणि बहुतेक वेळा वंशपरंपरेनेही येत नाही. बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी व्हावयाची असते. त्या वाटणीत चूक होते, इतकेच. आईचे वय वाढते तशी ही चूक अधिक होते. पंचविशीच्या आसपास हजार-बाराशे बाळंतपणांत एक, पस्तिशीत साडेतीनशेंत एक आणि चाळिशीत शंभरात एक, असा साधारण हिशेब आहे.

बाळ पोटात, आणि रक्त काढावयाचे आईच्या दंडातून. मग बाळाच्या गुणसूत्रांचा माग त्यात लागावा कसा? जुन्या मार्कर तपासण्या आडवळणाने जातात. वारेतून आईच्या रक्तात उतरणारी काही द्रव्ये मोजावयाची, अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजावयाचा, आईचे वय जमेस धरावयाचे आणि गणिताने संभव काढावयाचा. सरळ वाट सापडली ती १९९७ साली. त्या वर्षी डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लहानसा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आला. लो हे हाँगकाँगचे. ऑक्सफर्डला शिकले आणि तेथेच आईच्या रक्तात बाळाच्या पेशी हुडकण्यात त्यांनी कित्येक वर्षे घालविली. पेशी इतक्या विरळ की हाती काही लागेना. तेवढ्यात कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात गाठीचा डी.एन.ए. मोकळा तरंगत असल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांच्या मनात आले की, एवढीशी गाठ जर रक्तात आपला माग सोडते, तर नऊ महिने वाढणारे बाळ सोडणार नाही काय? पेशी टाकून देऊन त्यांनी उरलेले पाणी तपासावयास घेतले. ते कसे तपासावे याची पद्धत ठाऊक नव्हती, तेव्हा शेवया उकडाव्यात तसे त्यांनी ते सरळ उकळले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. आणि माग लागला.

या शोधातली एक बारीक गोष्ट आपण लक्षात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे. तो डी.एन.ए. बाळाचाच, आईचा नव्हे, हे त्यांनी कशावरून ठरविले? वाय गुणसूत्रावरून. आईच्या अंगात वाय गुणसूत्र नसते. तिच्या रक्तात ते सापडले तर ते पोटातल्या मुलाचेच. त्रेचाळीस गर्भवतींचे रक्त त्यांनी तपासले. त्यांपैकी तिसांच्या पोटी मुलगे होते, आणि त्यांतील चोविसांच्या रक्तद्रवात वायचा माग निघाला. तेरांच्या पोटी मुली होत्या, तेथे एकीच्याही रक्तात तो निघाला नाही.

पुढे अकरा वर्षांनी, २००८ साली, हाँगकाँग आणि अमेरिका या दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी त्याचा उपयोग एकविसाव्या गुणसूत्राची मोजणी करण्यास करता येतो हे सिद्ध झाले, आणि २०११ पासून ही तपासणी बाजारात आली. तिचे तत्त्व किराणा दुकानदाराला तात्काळ पटेल असे आहे. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तद्रवात जे डी.एन.ए.चे तुकडे तरंगत असतात त्यांतील सुमारे दहावा हिस्सा वारेतून आलेला असतो. बाकी सगळे आईचे. आता बाळाला एकविसावे गुणसूत्र एक जादा असेल, तर त्या क्रमांकाचे तुकडे किंचित अधिक भरतील. किती अधिक? बाळाचा हिस्सा दहावा धरला तर शंभराच्या जागी एकशे पाच. हा पाचाचा फरक ओळखावयाचा तर तुकडे शे-दोनशे मोजून भागत नाही, लाखांनी मोजावे लागतात, आणि आजची यंत्रे ते करतात. एकविसाव्या गुणसूत्रापुरती ही चाळणी फार बारीक आहे. दोष असलेल्या शंभर बाळांपैकी नव्याण्णव ती पकडते. आणि दोष नसताना 'आहे' असे सांगण्याची चूक हजारात एखादीच करते.

हे ऐकून आपण म्हणाल, मग निवडणे कशाला? येथेच सुशिक्षित माणसेही फसतात. एक लाख तरुण गर्भवती घ्या आणि हजारात एका बाळाला दोष असतो असे धरा. म्हणजे बाळे शंभर. त्यांतली नव्याण्णव तपासणीने पकडली. उरलेल्या नव्याण्णव हजार नऊशेंत हजारी एक चूक झाली, म्हणजे सुमारे शंभर निर्दोष बाळांवर शिक्का बसला. एकूण कागद निघाले दोनशे. त्यांतले निम्मे खरे आणि निम्मे खोटे! आई चाळिशीची असली तर हाच कागद अकरांत दहा वेळा खरा ठरतो, कारण मुळातच तेथे दोष अधिक. आणि जुनी मार्करची तपासणी घेतली, जीत शंभरांत पाच निर्दोष बाळे वर राहतात, तर तिच्या साठ तांबड्या कागदांमागे एखादेच बाळ खरोखर दोषाचे निघते. कागद तोच, आकडा तोच. परंतु तो कोणाच्या हाती पडला यावर त्याचा अर्थ बदलतो. याखेरीज आणखी एक अडचण. तो डी.एन.ए. वारेचा असतो, बाळाचा नव्हे. आणि क्वचित वारेत दोष असून बाळ स्वच्छ असते. म्हणून नुसत्या रक्ताच्या कागदावर गर्भाचा निकाल लावणे हा अविचार आहे. गर्भजल काढण्यात गर्भपाताचे भय असते हे खरे. पण सरावाच्या हाती ते शंभरात एकाहूनही कमी आहे.

आता त्या वाय गुणसूत्राकडे वळू. जी तपासणी जन्मालाच वायच्या मागावरून आली, तिला मुलगा की मुलगी हे ठाऊक नसेल काय? दहाव्या आठवड्यात, रक्ताच्या एका नळीत, सगळे लिहिलेले असते. पुष्कळ देशांत ते आईबापांना कागदावर छापून देतात आणि लोक त्याचे समारंभ करतात. आपल्याकडे ते छापावयाचे नाही, बोलावयाचे नाही, पेढा-बर्फीच्या खुणेने सुचवावयाचेही नाही. आम्हांस दर आठवड्याला कोणीतरी विचारते, "साहेब, एवढे पैसे भरले, मग तेवढे सांगायला काय जाते?" काय जाते ते या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. आपल्या देशात गर्भजलाची परीक्षा १९७० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाली ती गुणसूत्रांचे दोष शोधण्यासाठी. दहा वर्षांच्या आत ती मुली शोधण्याचे हत्यार झाली. मुंबईत स्त्रियांच्या संघटना आणि काही डॉक्टर यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. देशातला तो पहिला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ पासून अमलात आला. तरीही शिरगणतीत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली १९९१ साली ९४६ होत्या, त्या २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाल्या. पोटातल्या बाळाची जात न सांगण्याचा नियम काहींना जाचक वाटतो. ज्या गावात लग्नाच्या मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून हळहळतात, त्याच गावच्या मंडळींनी तो जाचक म्हणावा याचे मात्र आम्हांस नवल वाटते.

असो. आतापर्यंत ज्याविषयी बोललो ती तपासणी महागडी, हजारांत जाणारी, आणि तिच्याभोवती जाहिराती पुष्कळ. यामुळे एक मोठा गैरसमज पसरला आहे की, ही एक 'जेनेटिक' तपासणी केली म्हणजे बाळाचे सगळे पाहून झाले. तसे मुळीच नाही. नेहमीच्या एन.आय.पी.टी.त थॅलेसेमिया दिसत नाही, सिकलसेल दिसत नाही. हृदयाची छिद्रे आणि पाठीच्या कण्याचे दोषही नाहीत, ते अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत पाहावयाचे. आणि आपल्या भागात, आमच्या मते, ज्या तपासणीवाचून अधिक संसार पोळतात ती तपासणी काही शेकड्यांत होणारी आहे. तिचे नाव हिमोग्लोबिनची एच.पी.एल.सी.

थॅलेसेमियाचे नुसते वाहक असणे हा आजार नव्हे. वाहक माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो, फौजेत जातो. फार तर त्याच्या तांबड्या पेशी जरा लहान असतात आणि ए-टू नावाचे हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांहून अधिक भरते. आपल्या देशात शंभरांत तीन-चार माणसे अशी आहेत. काही समाजांत ती अधिक सापडतात. परंतु एकही जात यातून अजिबात सुटलेली नाही. प्रश्न उठतो तो वाहकाची गाठ वाहकाशी पडते तेव्हा. मग प्रत्येक गर्भारपणी चारांत एक संभव असतो की, मूल आजारी निपजेल. प्रत्येक गर्भारपणी, हे शब्द ध्यानात घ्या. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक मांडतात तो चुकीचा आहे. दान प्रत्येक खेपेला नव्याने पडते. आजारी मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच पांढरे पडू लागते. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावयाचे, जन्मभर. चढविलेल्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साठते, ते काढण्यास निराळी औषधे. अस्थिमज्जेचे रोपण झाले तर सुटका. पण जुळणारा भाऊ-बहीण हवा आणि पैसा हवा. अशी मुले आणि त्यांचे आईबाप आम्ही रक्तपेढीच्या बाकावर वर्षानुवर्षे पाहिले आहेत. मुलाला ताप आला की बाप आधी रक्तदात्याचा फोन लावतो.

विदर्भात, नंदुरबारकडे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात याच घराण्यातला दुसरा आजार, सिकलसेल. तीत तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मुलाचे सांधे असे दुखतात की ते रात्ररात्र ओरडते. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात सापडला. हिवतापाच्या मुलखातच तो का, याचे कारण मोठे गमतीचे आहे. सिकलसेलच्या वाहकाला हिवताप तितका मारीत नाही, म्हणून हजारो वर्षांत वाहक टिकून राहिले. पूर्वजांना ज्याने जगविले तेच आता नातवंडांना भोवते आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचा तीत संकल्प आहे, आणि ही तपासणी फुकट होते.

तपासणी गर्भवतीची. ती वाहक निघाली तर लगेच नवऱ्याचे रक्त हवे. आणि आता आम्ही आमच्या त्या चालक मित्राला दिलेल्या उत्तराकडे येतो.

एक किराणा दुकानदार. बायकोला नववा आठवडा. तिच्या रक्तात ए-टू साडेपाचाच्या आसपास निघाले. आम्ही निरोप धाडला की, यजमानांनी येऊन जावे. यजमान आले नाहीत. त्यांच्या मातोश्री आल्या. म्हणाल्या, "पोटुशी ती आहे, रक्त तिचे तपासा. माझ्या मुलाला कशाला सुई?" पुढल्या आठवड्यात स्वतः यजमान रस्त्यात भेटले, तेव्हा आम्ही पुन्हा विषय काढला. "साहेब, मी रोज साखरेची पोती उचलतो. आमच्या घराण्यात असले काही नाही," असे म्हणून ते गेले. मुलगी दर पंधरा दिवसांनी येई, बाकावर बसे आणि विचारी, "ह्यांच्याशिवाय काही होणार नाही का?" होणार नव्हते. सात आठवडे असे गेले. सोळाव्या आठवड्यात तिचा थोरला भाऊ गावाहून आला, मेहुण्याशी काय बोलला देव जाणे, आणि दुसऱ्या दिवशी यजमान हात पुढे करून आमच्यासमोर बसले. तेही वाहक. मुंबईस गर्भजल पाठविले. ही गोष्ट २०२१ च्या आधीची; गर्भपाताला कायद्याची सीमा तेव्हा विसाव्या आठवड्याची होती. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेता आला असता तर पुढे दोन महिने विचाराला मिळाले असते. आता दिवस मोजावयाचे होते. विसावा आठवडा लागण्यास तीन दिवस उरले असताना उत्तर आले की, बाळ आईबापांसारखेच नुसते वाहक आहे. ती मुलगी कागद हातात धरून कितीतरी वेळ काही बोलली नाही. यजमानांनी पेढे आणले, ते आम्ही घेतले. पण ते सात आठवडे तिने कसे काढले असतील हे ते पेढे आणताना त्यांच्या मनात आले की नाही, हे आम्हांस कळले नाही. एवढे मात्र झाले की, वर्षभराने आपल्या धाकट्या भावाला आणि बहिणीला तपासणीसाठी ते स्वतः घेऊन आले.

बहीणही वाहक निघाली. तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, हा कागद आपल्यातच राहू द्या. मुलीचे लग्न व्हायचे आहे." भावाचा कागद वाहकाचा असता तर ते असे म्हणाले असते काय, हा विचार आपण घरी जाताना करावा. हे भय केवळ आपल्याकडचे नव्हे. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाच्या गावी सिकलसेलचे वाहक पुष्कळ, जवळजवळ चौथा हिस्सा. तेथेही लग्ने घरची माणसे जुळवीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी पाहिले की, सगळ्या गावाची तपासणी करून ज्याचा त्याला कागद दिल्यावर लोकांनी कागद लपविले आणि वाहकांना कमी लेखण्यात येऊ लागले. याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कच्या कर्मठ यहुदी समाजाचे. तेथील एका धर्मगुरूची मुले टे-सॅक्स नावाच्या अशाच वंशागत रोगाने गेली, आणि त्याने १९८३ साली एक युक्ती काढली. मुलामुलींचे रक्त शाळेतच तपासावयाचे, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक द्यावयाचा, आणि कोण वाहक हे कोणालाच सांगावयाचे नाही. स्थळ आले की दोन क्रमांक कळवावयाचे. उत्तर एवढेच यावयाचे की, जमते किंवा जमत नाही. आपल्याकडे पत्रिका जुळविताना नेमके हेच करतात, गुण किती जुळले ते पाहतात. गुरुजी मंगळाला भितात, तेथे या क्रमांकांना भिण्यास काय हरकत आहे? अर्थात वाहकाने वाहकाशी लग्नच करू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यांचे मन जुळले त्यांनी खुशाल करावे. मात्र दिवस गेल्याबरोबर नवव्या-दहाव्या आठवड्यात डॉक्टरकडे जावे, सोळाव्यात नव्हे.

निदान पक्के झाले आणि ते वाईट आले, तर पुढे काय? येथे आम्ही डॉक्टर मंडळी फार लवकर बोलतो, असे आमचे मत झाले आहे. 'काढून टाका' हे दोन शब्द औषध लिहून द्यावे तसे लिहून देण्याचे नव्हेत. डाऊनचे बाळ घ्या. १९५० च्या आसपास अशा मुलाला सरासरी दहा-बारा वर्षांचे आयुष्य असे. आज प्रगत देशांत ते साठीला पोचते. सुमारे निम्म्यांच्या हृदयात दोष असतो, तो शस्त्रक्रियेने बहुधा दुरुस्त होतो. ती शाळेत जातात, काही नोकरी करतात. पण त्यांना जन्मभर कोणाचा तरी हात धरून चालावे लागते, आणि आईबापांच्या मागे तो हात कोणाचा, हा प्रश्न गरीब घरात खरा असतो. दोन शेजारची घरे या प्रश्नाची दोन उत्तरे देतील आणि दोन्ही प्रामाणिक असतील. कायद्याने मुभा अशी आहे: १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तीनुसार विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचे मत, काही विशिष्ट स्त्रियांच्या बाबतीत चोविसाव्यापर्यंत दोघांचे, आणि गर्भात गंभीर दोष असल्याचे सरकारी वैद्यकीय मंडळाने ठरविले तर त्यानंतरही. ही दुरुस्ती सहजासहजी झाली नाही. २००८ साली चोविसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाचा दोष कळलेले एक दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, आणि कायद्यावर बोट ठेवून त्यांस नकार मिळाला; त्या वेळेपासून हा वाद पेटता राहिला. सीमा पुढे गेली हे बरे झाले. तरी निर्णय त्या दोघांचा, आणि शेवटचा शब्द तिचा. सासरमाहेरची सभा त्यावर भरवू नये.

वेळ होत आला. पण मुंबईच्या एका जुन्या गोष्टीवाचून हा विषय पुरा होणार नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणगावातल्या गरीब बाया गर्भारपणी पांढऱ्याफटक पडत आणि पुष्कळ दगावत. तो पांडुरोग कशाचा, हे त्यांना शोधावयाचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. गुण आला तो एका स्वस्त, काळ्या, खारट पदार्थाने: मार्माइट, म्हणजे दारूच्या भट्टीतल्या खमिराचा अर्क. १९३१ साली त्यांनी ते जाहीर केले. त्या अर्कातले द्रव्य दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले; तेच फॉलिक अॅसिड. १९९१ साली असे सिद्ध झाले की, पाठीच्या कण्याचा दोष असलेले मूल ज्यांना आधी झाले होते त्या स्त्रियांनी ही गोळी दिवस राहण्यापूर्वीपासून घेतली तर पुढच्या खेपेस तो दोष सुमारे सत्तर टक्क्यांनी टळतो. 'दिवस राहण्यापूर्वीपासून' हे यातले महत्त्वाचे. कणा मिटतो तो गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत, म्हणजे पाळी चुकल्याचे नीट कळेपर्यंत काम संपलेले असते. लग्न झालेल्या आणि मूल हवे असलेल्या प्रत्येक मुलीला ही गोळी आधीच सुरू केलेली असावी. साध्या स्त्रीला रोज चारशे मायक्रोग्रॅम पुरे, किंमत नगण्य.

आणि हिमोग्लोबिन. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील शंभर गर्भवतींपैकी बावन्न रक्तक्षयाने पीडित निघाल्या, म्हणजे अकराच्या खाली. लाखो तुकडे मोजणारी यंत्रे एकीकडे आणि ही बावन्न बाई दुसरीकडे. आमच्याकडे पंधरा हजारांची तपासणी करण्यास आलेल्या एका बाईंचे हिमोग्लोबिन सात होते. त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या एकशे ऐंशी दिवसांच्या फुकट मिळतात. त्या घेतल्या की शौच काळे होते, मळमळते, म्हणून निम्म्या डब्यात राहतात. काळे होण्याने काही बिघडत नाही. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर कदापि नव्हे; चहा लोह अंगी लागू देत नाही. चार महिने नियमाने घेऊनही आकडा हलत नसेल, तर गोळ्या बदलण्याआधी एच.पी.एल.सी. करून घ्यावी, कारण मग ती बाई थॅलेसेमियाची वाहक असण्याचा संभव असतो.

अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवले आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून द्यावेत. नाव घातले नाही तरी चालेल. आणि पुरुष मंडळींपैकी ज्यांना रक्त द्यावयाचे असेल त्यांच्यासाठी आमचा मदतनीस मंडपाच्या मागच्या खोलीत नऊ वाजेपर्यंत बसलेला आहे.